बंटीच्या गाडीचा तिसरा गिअर

भिलाईच्या पोलाद प्लांटचं क्वार्टर सोडलं त्या साली वैशाली नगरातल्या आमच्या नव्या घराला दार नव्हतं. चौकट होती, चौकटीला कोयंडा होता, आईनं हौसेनं आणलेलं कुलूपही होतं. दार तेवढं नव्हतं, आणि पुढेही कित्येक वर्षं ते आलं नाही. त्या जागी एका ट्रकवाल्याकडून मागून आणलेली ताडपत्री टांगली होती. वारा आला की ती अशी फडफडायची की शेजारच्या वहिनी विचारायच्या, “तुमच्याकडे रोज कोण भांडून राहिलं जी?” भिंतींना गिलावा नव्हता. पाठ टेकली की विटांचा भुगा कपड्यांना लागायचा. सकाळी रात्रीचा पाण्यात घातलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची. संध्याकाळी लाखोळीचं वरण आणि पुन्हा भात. लाखोळी आमगावकडून मामा आणून टाकायचा म्हणून ती होती. अजूनही मला त्या डाळीचा वास आला की भूक लागायच्या आधी राग येतो.

बाबा प्लांटात मशीन शॉपमध्ये सीनियर फिटर होते. तीस वर्षं त्या गोंगाटात काढून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. शेवटी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि जे हातात आलं ते दोन खोल्यांत आणि माझ्या इंजिनियरिंगमध्ये संपलं. आमच्या दोन्ही घराण्यांत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बी.ई. मेकॅनिकल झाले, फर्स्ट क्लासमध्ये. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ज्यांच्या घरात डिग्र्या पूर्वीपासून भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना हे मिरवणं वाटेल, वाटू दे. आमच्याकडे टांगायला भिंत होती पण गिलावा नव्हता, खिळा ठोकला की वीट फुटायची, म्हणून माझी डिग्री बरीच वर्षं पिठाच्या डब्यावर प्लास्टिकच्या पिशवीत पडून होती.

घरापुढे टिनाचं शेड टाकून बाबांनी गिअरबॉक्स दुरुस्तीचं काम सुरू केलं होतं. ट्रकचे, जीपचे, कधी ट्रॅक्टरचे. घरभर गिअर ऑइलचा वास. आई म्हणायची, “पोळीले तूप नाई लावलं तरी चालते, वास येऊनच राहिला.” पण हायवेवर मोठमोठी गॅरेजं उभी राहत होती आणि आमच्या आतल्या गल्लीत ट्रक वळवायलासुद्धा जागा नव्हती. काम कमी कमी होत गेलं. त्याच सुमारास प्लांटातल्या एका ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. दिवाळीनंतर नवा ठेका सुरू होतो आहे, अनुभवी फिटर पाहिजे, काम जुन्याच शॉपमध्ये. म्हणजे ज्या शॉपमध्ये सगळे बाबांना ‘उस्ताद’ म्हणायचे, तिथेच आता ठेक्यावरचा कामगार म्हणून तात्पुरता गेटपास घेऊन उभं राहायचं. बाबांनी ‘सोचून सांगतो’ म्हटलं. त्या दिवसापासून ते जेवताना बोलेनासे झाले. मला नोकरी नव्हती, कॅम्पसमध्ये एकच कंपनी आली होती आणि तिला मुलगी नको होती. शेड चाललं नाही तर बाबा त्या गेटवर जाणार, एवढं तिघांनाही कळत होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो.

अशात बंटी आला. बंटी नेहरू नगरचा, बापाच्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या. त्याला जगात एकाच गोष्टीचं वेड: शहराबाहेरच्या जुन्या हवाईपट्टीवर गाड्यांच्या शर्यती भरायच्या त्या. वळण नाही, वळसा नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि पाव मैल सरळ सुटायचं. बारा सेकंदांत खेळ खलास. त्याच्याकडे आठ सिलिंडरची जुनी परदेशी गाडी होती. तिच्या इंजिनात त्यानं कुठून कुठून माणसं बोलावून इतकी ताकद भरली होती की तो कधी आठशे हॉर्सपॉवर सांगे, कधी हजार. समोरचा जितका अडाणी तितका आकडा मोठा. गिअरबॉक्स मात्र ऑटोमॅटिक, मूळचाच, शांतपणे बाजारहाट करायला बनवलेला.

“अंकल, गाडी तो रॉकेट है,” तो म्हणाला. “बस तीसरे में जाते ही बैठ जाती है. दो डिब्बे जला चुका हूँ.”

“ऑटोमॅटिक मी नाई करत बावा,” बाबा म्हणाले.

“करतो,” मी म्हणाले.

बाबांनी चांगला कान माझ्याकडे वळवला. “कोण करते?”

“आपण.”

आता मागे वळून पाहताना कळतं की त्या ‘करतो’मध्ये विद्या कमी आणि चीड जास्त होती. कॉलेजात ऑटोमॅटिक ट्रान्समिशनवर एक धडा होता. त्याची आकृती मी सुंदर काढायची. खरा डबा, म्हणजे गिअरबॉक्स, मी तोवर आतून पाहिलेलासुद्धा नव्हता.

बंटीनं एक झेरॉक्स मॅन्युअल आणून दिलं. मी वाचायची आणि बाबांना मराठीत सांगायची. त्या डब्यात पायानं दाबायचा क्लच नसतो. एका ड्रममध्ये गोल चकत्या असतात, एक लोखंडाची, एक कागदासारखं अस्तर लावलेली, अशा एकाआड एक, पापडांच्या चवडीसारख्या. तेलाचं प्रेशर आलं की चवड दाबली जाते, चकत्या एकमेकींना धरतात आणि गिअर लागतो. प्रेशर कमी पडलं तर चकत्या घसरतात, घसरल्या की जळतात. बंटीच्या गाडीत तेच होत होतं. ते प्रेशर कुठे जायचं ते ठरवणारा भाग म्हणजे वॉल्व्ह बॉडी: ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा, आत वाळवीनं पोखरल्यासारखे शेकडो चर, आणि त्या चरांत बोटाएवढे वॉल्व्ह.

“एवढ्याशा नालीतून एवढी मोठी गाडी चालते?” बाबा म्हणाले. “हे कोणाचं डोकं आहे?”

आम्ही तो डबा नव्यानं बांधायला घेतला. ड्रममधला जाड पट्टा खरादावर, म्हणजे लेथवर, पातळ करून आणखी दोन चकत्यांची जागा काढली. प्रेशर वाढवायला कडक स्प्रिंग घातली. आत येणारा मुख्य शाफ्ट पिळवटलेला होता, तो नवा करावा लागणार होता. इंडस्ट्रियल एरियात बाबांच्या शिफ्टमधले जुने साथीदार साहू काका यांचा खराद होता. बाबांनी चांगल्या पोलादाचा तुकडा निवडला, साहू काकांनी तो कातला, आणि भट्टीत टाकून कडक करताना दोघं म्हातारे त्याच्या रंगाकडे असे पाहत बसले की जणू नातू पोहायला उतरला आहे. मी म्हटलं, काका, आणखी कडक करा. तर म्हणाले, “झन कर बेटी, टूट जाही.” नको करूस, तुटेल. मी पुस्तक काढून वाद घातला. वीस मिनिटांनी त्याच पुस्तकात तेच लिहिलेलं सापडलं. मी पान उलटलं.

बाकी मात्र रोज भांडण. बाबांना मोजमाप म्हणजे बोट. चकत्यांच्या चवडीत थोडी ढिलाई ठेवावी लागते, तिला ते ‘खेळ’ म्हणत; चवडीखालच्या रिंगची जाडी बदलली की तो कमी-जास्त होतो. मी फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून सांगायची, बाबा चवड अंगठ्यानं दाबून म्हणायचे, “लय खेळ आहे. एवढा खेळ कायले पायजे?” मी म्हणायची, पुस्तकात आहे. ते म्हणायचे, “पुस्तकवाल्यानं हजार घोडे पायले काय?” त्यात बंटी दर दोन दिवसांनी यायचा आणि विचारायचा, “दीदी, हो गया क्या?” जणू मी चहा करत होते.

असं करता करता विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत हा सण दिवाळीहून कमी नाही. त्या दिवशी प्लांटपासून पंक्चरच्या दुकानापर्यंत प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, फूल, नारळ. आमच्या शेडमध्येही दरवर्षी पूजा व्हायची, आणि ती आईच करायची. त्या दिवशी मी सकाळी वॉल्व्ह बॉडी साफ करून टेबलावर ठेवली होती, वरची प्लेट काढलेली, चर उघडे. संध्याकाळी बंद करणार होते. आई पाटोडी करत होती, मला रस्सा चाखायला हाक मारली, मी हात धुऊन आत गेले, तर ती रस्सा माझ्यावर सोपवून पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये गेली. बाबा फुलं आणून देऊन साहू काकांकडच्या पूजेला गेले होते. मी परत आले तेव्हा पूजा आटोपली होती. पान्यांवर कुंकू, वाइसवर झेंडू, ड्रमवर स्वस्तिक. वॉल्व्ह बॉडीवरही कुंकवाचं बोट होतं. मी वैतागून ते कपड्यानं पुसलं, वरवर हवा मारली, प्लेट बसवली, बोल्ट कसले.

आठ दिवसांनी डबा गाडीत चढला. शेडमध्ये मी प्रेशरचं मीटर लावून पाहिलं होतं, काटा जिथे हवा तिथे. हवाईपट्टीवर नेताना बंटीनं ते मीटर काढून टाकलं. म्हणे त्याची नळी त्याच्या गुडघ्याला लागते. हजार घोड्यांवर बसणाऱ्या माणसाला नळी टोचते! मी बोलले, तो हसला.

पहिली फेरी उत्तम गेली. दुसरीही. बाबांनी माझ्याकडे न बघता पानाची पुडी काढली, म्हणजे ते खूश होते. तिसऱ्या फेरीत गाडी सुटली, दुसरा गिअर पडला, आणि तिसरा पडायच्या जागी इंजिन एकदम किंचाळलं. आवाज वर गेला, गाडी पुढे गेली नाही. मग तो वास आला. जळलेल्या गिअरबॉक्स तेलाचा वास ज्यानं घेतला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्यानं घेतलेला नाही त्यानं सुखात राहावं.

बंटी गाडीतून उतरला आणि हेल्मेट काढून म्हणाला, “अंकल, दिवाली के बाद बड़ी रेस है. एक बार और देखता हूँ. फिर डिब्बा बाहर भेज दूँगा.” इतक्या शांतपणे म्हणाला की त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

डबा उतरवला, उघडला. तिसऱ्या गिअरच्या चकत्या काळ्याठिक्कर. आणि चवडीखाली मी निवडलेल्या रिंगऐवजी दुसरीच रिंग. जाड.

“बाबा, ही कोणी बदलली?”

“मी बदलली.”

“कावून?”

“खेळ जास्त होता.”

“मी मोजून ठेवला होता! तुमाले सांगितलं होतं!”

“तुले मोजता येते, मले समजते.”

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहिणार नाही. इतकं म्हटलं की हा ट्रकचा डबा नव्हे, इथे अंगठ्यानं काम चालत नाही, आणि शिकलेल्या माणसाचं ऐकायची सवय या घराला कधी नव्हतीच. शेवटचं वाक्य मी त्यांच्या उजव्या, चांगल्या कानाच्या बाजूनं बोलले. मुद्दाम. आई ताडपत्री बाजूला करून उभी होती. ती म्हणाली, “ज्योती, पुरे झालं.” बाबांनी हात पुसले, पान्यांची पेटी बंद केली आणि म्हणाले, “ठेकेदाराले हो म्हणतो मी. तुले शेड पायजे तर ठेव.”

तीन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. बाबा सकाळी साहू काकांकडे जाऊन बसायचे. आई ताटं वाढताना ठणकन ठेवायची, आणि ठणका माझ्याच ताटाचा मोठा असायचा. मी एकटीच नव्या चकत्या तेलात भिजत घालून बसले होते. रिंग बदलायची, माझ्या मापाची घालायची, संपलं. पण चकत्या पाहताना एक गोष्ट खुपत होती. खेळ कमी पडला असता तर चवड सारखी घासत राहून पहिल्याच फेरीपासून तापली असती, लोखंडी चकत्या हळूहळू निळ्या पडल्या असत्या. या एकदम जळल्या होत्या, एका झटक्यात. हे प्रेशर जाण्याचं लक्षण. पण प्रेशरचं काम तर मी केलं होतं. मी स्वतः. म्हणून ते तपासायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. तीन दिवस मी बापाचं काम चारदा तपासलं आणि माझं एकदाही नाही. डिग्रीनं मला काय काय दिलं याची यादी करताना हेही त्यात धरावं लागेल.

चौथ्या दिवशी मी वॉल्व्ह बॉडी खोलली. प्रेशर सांभाळणारा मुख्य वॉल्व्ह अर्ध्यात अडकला होता. चिमट्यानं ओढला, हलेना. लाकडी दांड्यानं मागून टकटक केलं तेव्हा तो सुटला, आणि त्याच्या मागोमाग लाल तेलातून एक तांदळाचा दाणा बाहेर आला. टोक मोडलेला, हळदीनं पिवळा.

अक्षता.

मी तो तळहातावर घेऊन आत गेले. आई तांदूळच निवडत होती.

“आई, पूजेच्या दिवशी तू डब्यावर अक्षता टाकल्या?”

“टाकल्या ना. सगळ्यायवर टाकल्या.”

“उघड्या डब्यात?”

“उघडा दिसला म्हणून तर आतून केली पूजा. रोज रोज थोडीच उघडा राह्यते? म्हटलं देवाले आतपर्यंत जाऊ द्यावं.”

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. तेल गाळणारी जाळी पंपाच्या अलीकडे असते; पलीकडे चरात पडलेल्या दाण्याला अडवणारं काही नसतं. तो आठ दिवस कुठल्या तरी कोपऱ्यात बसून राहिला आणि तिसऱ्या फेरीत नेमका वॉल्व्हपाशी गेला. आईला मी हे समजावून सांगितलं. तिनं दाणा माझ्या हातातून उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, “इतक्याशा दाण्यानं थांबते तुमची हजार घोड्यायची गाडी? मंग कायची ताकद जी?”

साहू काकांच्या खरादावर जाऊन बाबांसमोर मी तो दाणा ठेवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला. नखानं उलटवून पुन्हा पाहिला.

“उघड्या मशीनवर अक्षता टाकत नसतात,” ते म्हणाले. “प्लांटात पहिले सगळी झाकणं बंद, मंग कपडा, मंग पूजा. पूजेच्या आदल्या पाळीत शॉपमध्ये तेच काम राह्यते. नवीन पोराले पहिले हेच शिकवते.”

“मंग मले कावून नाई सांगितलं?”

“तू उघडं ठेवून गेली हे मले कुठं माहीत? अन् तू इंजिनियर. मले वाटलं, तुले शिकवलं असन.”

टोमणा नव्हता तो. ते खरंच तसं समजत होते, म्हणून तो जास्त लागला. मी म्हणाले, “बाबा, माझी चूक होती. रिंग तुमचीच राहू द्या.” हे वाक्य बोलायला मला जितका जोर लागला तितका हजार घोड्यांना लागला नसेल. साहू काका खराद बंद करून आमच्याकडे पाहत होते. त्यांनी तो पुन्हा सुरू केला, बहुधा आम्हाला आवाज हवा होता म्हणून.

बाबांची जाड रिंग घालून मी खेळ मोजला. कमी होता, पण हजार घोड्यांना तेवढाच हवा होता. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर, जास्त ताकदीच्या गाड्यांसाठी म्हणून जो वेगळा तक्ता होता आणि जो मी वाचलाच नव्हता, त्यात जवळजवळ तोच आकडा होता. अंगठ्यानं कसा कळला, विचारू नका. मी विचारलं होतं. ते म्हणाले, “टोचत होता.”

डबा पुन्हा बांधला. या वेळी प्रत्येक भाग कपड्याखाली, आणि आईनं शेडमध्ये यायचं ते आधी हाक मारून. ती दहा वेळा मारायची. “येऊ का? झाकलं का? पाय ठेवू का? श्वास घेऊ का?” बंटीला मी सांगितलं, मीटर निघालं तर डबा परत उतरेल. तो म्हणाला, “दीदी, घुटना...” मी म्हणाले, घुटना काढून ठेव.

दिवाळी झाली. ठेकेदाराचा माणूस येऊन गेला, बाबांनी सोमवारी सांगतो म्हटलं. शनिवार-रविवार शर्यत होती. मी आणि बाबा दोन्ही दिवस हवाईपट्टीच्या कडेला पाण्याच्या ड्रमवर बसून होतो. आईनं पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती, ती शनिवारी कोणी उघडली नाही. प्रत्येक वेळी दुसरा गिअर पडला की बाबा माझा दंड धरायचे. तिसरा पडताना गाडी किंचित मान टाकल्यासारखी व्हायची आणि पुन्हा ओढ घ्यायची, तेव्हा सोडायचे. त्यांना आवाज पुरता ऐकू येत नव्हता. ते मागच्या चाकांकडे पाहून ओळखायचे. रविवारी संध्याकाळी माझ्या दंडावर पाच बोटं उमटली होती. बंटी पहिला आला नाही, तिसरा आला. ते त्याचं दुःख. दर फेरीनंतर मी मीटर पाहायची, काटा जिथे हवा तिथे. बंटी एकदाही गुडघ्याबद्दल बोलला नाही, आणि निघताना दुसऱ्या दोन गाडीवाल्यांना आमच्या शेडचा पत्ता देऊन गेला.

सोमवारी बाबा ठेकेदाराकडे गेले आणि नाही म्हणून आले. येताना दाराची मापं घ्यायला सुतार घेऊन आले.

त्या आठवड्यात आम्ही डबा उतरवून उघडला, फक्त पाहायला. तिसऱ्या गिअरच्या सगळ्या चकत्या घातल्या त्या दिवशी होत्या तशा तपकिरी, अस्तरावरची बारीक रेघसुद्धा शाबूत. शाफ्ट सरळ होता. दोन दिवसांत गाडी चौदा वेळा सुटली होती आणि चौदाही वेळा तिसरा गिअर लागला होता. भिलाईत, टिनाच्या शेडमध्ये, एका निवृत्त फिटरनं आणि त्याच्या मुलीनं तो गिअरबॉक्स बांधला होता, आणि तो टिकला.